सावडीची वायर

कमलमावशी पदर खोचून गच्चीवर चढल्या, की खालून बायका ओरडायच्या, "मावशी, मालिका तर संपू द्या!" मावशी वरूनच डाफरायच्या, "मालिका उद्याबी हाय. वायर तुटली मंग काय बघताल?" नवरा गेल्यावर अंबडमधला त्याचा केबलचा धंदा त्यांनीच सांभाळला आणि पुढं इंटरनेटही आणलं. मी त्यांच्याकडं कामाला होतो. मावशींना मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर भास्कर त्यांनीच लहानाचा मोठा केला. तोच भांडून वेगळा झाला आणि रस्त्यापलीकडं स्वतःचं नेट टाकून बसला. बोलणं बंद. मावशींना ते फार लागलं होतं.

गंमत अशी, की आमच्या गिऱ्हाइकानं त्याच्या गिऱ्हाइकाला साधा फोटो पाठवला, तरी तो आधी मुंबईला जायचा आणि तिथून फिरून समोरच्या घरात यायचा. दोन्ही जाळी जोडली जायची ती थेट मुंबईतच.

"समोर मीठ मागायला मुंबईला जायचं व्हय? येडं म्हणतेल लोकं!" मावशींनी मला निरोप देऊन पाठवलं. "म्हणावं, वायर जोडून सावड करू. एक बैल तुझा, एक माझा, पेरणी दोघांची. कुणी कुणाला पैसा द्यायचा न्हाई."

भास्करची गिऱ्हाइकं जास्त. त्यानं तोंड वाकडं केलं. "वहिनीला सांग, माझा बैल मोठा हाय."

"मोठा हाय तर जोर लावंल की!" मावशी खुदकन हसल्या. थोडे दिवस फुरंगटून भास्कर कबूल झाला. फायदा त्यालाही दिसत होताच. वायर जोडली, पण बोलणं काही सुरू झालं नाही.

पुढं रस्त्याच्या खोदकामात आमची मुंबईकडची लाईन तुटली. गिऱ्हाइकं चिडून भास्करकडं जायला निघाली. त्याला नुसतं गप्प बसायचं होतं, मावशींचा धंदा आपोआप बसला असता. आणि दुपारी अचानक आमच्या सगळ्यांचं नेट चालू! मी चक्रावलोच. भास्करनं त्याच सावडीच्या वायरीतून आमच्या गिऱ्हाइकांचं नेट स्वतःच्या मुंबईच्या लाईनीवरून चालू करून दिलं होतं.

मावशी अनवाणीच रस्ता ओलांडून गेल्या. "भास्कर, सावडीत एवढं बसतं का रं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "न्हाई बसत. जेवलीस का वहिनी?"

मावशी त्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

पुढं दोनेक वर्षांनी मावशी गेल्या. अग्नी भास्करनं दिला. तेराव्यापर्यंत त्यानं दुकानाचं शटर वर केलं नाही. तोवर दोन्हीकडचं नेट मी एकट्यानं चालवलं.