दहाव्या मिनिटाचा आकडा

मी आयुष्यात एकाच माणसाचा केसाने गळा कापला, तोही हिंदी मुलखातल्या मंडीदीपच्या एका कारखान्यात, मोटरी तपासायच्या खोलीत, दिवसाढवळ्या.

माझ्या हाताखाली नागपूरकडचा एक तंत्रज्ञ होता. वयानं माझ्याहून मोठा, बारा वर्षं ठेकेदाराकडे राबलेला, आणि त्या वर्षी पर्मनंटच्या यादीत एकदाचं त्याचं नाव लागलं होतं. मोटर बिघडली की साहेब मला ओलांडून त्यालाच विचारायचे. मी पुण्याचा, डिग्रीवाला. माझ्या पोटात दुखायचं. मग मी चारचौघांत त्याच्या 'करून राहिलो'ची नक्कल करायचो. तोही हसायचा. त्या हसण्यानं तर मला जास्तच चीड यायची.

मोटरच्या वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांचं, इन्सुलेशन आम्ही मेगर नावाच्या यंत्रानं बघतो. एक आकडा पहिल्या मिनिटाला घ्यायचा, दुसरा दहाव्या. इन्सुलेशन धड असेल तर आकडा चढतो, ओल धरली असेल तर जागचा हलत नाही. दहा मिनिटं ताटकळायचा कंटाळा येतो, म्हणून पहिला आकडा बघायचा आणि दुसरा अंदाजानं ठोकून द्यायचा. ही युक्ती त्याला मीच शिकवली होती.

त्या दिवशी साकेत नगरच्या इस्पितळात त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. रजा मागितली तर यादीतलं नाव जाईल, या धास्तीनं तो कामावर आला होता. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी तो दिवस निवडला. पंपहाउसची मोठी मोटर त्याच्याकडे सोपवली आणि तिसऱ्या मिनिटाला साहेबांना घेऊन आलो. मेगर बंद, हा दाराबाहेर फोनवर, आणि कागदावर दोन्ही आकडे लिहिलेले: दोनशे, चारशे साठ.

"ये किसने सिखाया?" साहेबांनी विचारलं.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "किसी ने नहीं, साहब. मेरी ही गलती है."

साहेब मनानं वाईट नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आप खुद टेस्ट कीजिए. इसके आसपास आया तो डाँटकर छोड़ देंगे."

मी दार लावून घेतलं. घड्याळ समोर ठेवून पूर्ण दहा मिनिटं उभा राहिलो. आकडा चढत चढत चारशे साठवर येऊन थांबला. एवढी त्याला त्या मोटरीची नस ठाऊक होती. मला त्याचा भयंकर राग आला.

कागदावर मी दोनशे दहा लिहिलं.

धडधाकट मोटर गोविंदपुऱ्याच्या वर्कशॉपात रिवाइंडिंगसाठी, सगळी तार नव्यानं भरायला गेली. यादीतून त्याचं नाव त्याच संध्याकाळी कटलं. गेटवर तो माझी वाट बघत डबा हातात घेऊन उभा होता.

"भाऊ, किती आलं?"

"दोनशे दहा."

"मंग बरं झालं तुम्ही पकडलं. मी तं तशीच चालू करून देऊन राहिलो होतो. उद्या जळली असती, कोनाला लागलं असतं." मग म्हणाला, "बायको शुद्धीवर आली म्हनते. तिले काय सांगू आता?"

"खरं ते सांगा," मी म्हणालो.