चौदा दुकानांचं एक बोट

आधीच कबूल करतो, सुरुवात माझ्या मूर्खपणानं झाली. नंतर आणखी तेरा मूर्ख सामील झाले, त्याला मी काय करू?

मी बसवराज. अहमदपूरच्या बाजारात आमचं बी-बियाणाचं दुकान हाय. आमचं म्हणजे माझं आणि थोरल्या भावाचं, राजशेखर अण्णाचं. आठ वर्षं झाली, एकाच दुकानात बसतो आणि एकमेकांशी बोलत न्हाई. कशावरून बिनसलं ते आता दोघांनाही धड आठवत न्हाई, पण माघार घ्यायची न्हाई एवढं पक्कं ठाऊक हाय. आता शटरला कुलूप एक. चावी अण्णाकडं गेली तर माझं नाक कापलं जातं, माझ्याकडं आली तर त्याचं. म्हणून चावी खाजामियाँकडं.

खाजामियाँ म्हणजे समोरच्या लिंबाखाली बसून चाव्या करणारा म्हातारा. सत्तरीला टेकलेला. पुढ्यात एक कानस आणि एक पत्र्याचा डबा. बाजारात जिथं भावाभावांत, भागीदारांत, नणंद-भावजयीत वाकडं आलं, तिथल्या चाव्या त्या डब्यात. "अमानत हाय बाबा," म्हणायचा. चाळीस वर्षांत त्या डब्यातली एक चावी इकडची तिकडं झाली न्हाई.

तर गेल्या साली बियाणाच्या कंपनीनं कम्प्युटरवर माल मागवायचा पासवर्ड बंद केला. नांदेडहून अकरम नावाचा कम्प्युटरवाला आला. म्हणाला, "आता पासकी. पाठ करायचं काही न्हाई, कुणी चोरायचं काही न्हाई. ती ह्या कम्प्युटरच्या पोटातच राहती, तुम्ही इथं बोट ठेवलं की काम झालं. बोला, कुणाचं बोट?"

मी बोट पुढं केलं. त्याच वक्ताला अण्णानंही केलं. दोघांनीही मागं घेतलं.

"ह्यांना सांगा," मी अकरमला म्हटलं, "ह्यांचं बोट चालणार न्हाई."

"त्याला सांगा," अण्णा म्हणाला, "त्याचंही न्हाई."

"अहो, दोघांची पण ठेवता येतात की..." अकरम म्हणाला.

"तुम्ही गप बसा!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. आठ वर्षांत आमचं तेवढंच एकमत झालं. मंग मी रस्त्याकडं तोंड करून खाजामियाँला हाक मारली. तो हात पुसत आला, बिस्मिल्ला म्हणाला आणि बोट ठेवलं.

बातमी फुटायला कितीसा वेळ? फोटो स्टुडिओवाल्या महादेवप्पाचं मेव्हण्याशी पटत नव्हतं, त्यानं आपल्या कम्प्युटरला खाजामियाँचं बोट घेतलं. ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या वर्षाराणीचा जावेवर भरोसा नव्हता, तिनंही घेतलं. ज्यांची भांडणं नव्हती त्यांना वाटलं, आपण मागं राहिलो. दिवाळीपर्यंत चौदा दुकानं झाली. रोज सकाळी म्हातारा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट ठेवत जायचा, तवा कुठं बाजार चालू व्हायचा.

मंग आम्ही त्या बोटाला जपायला लागलो. कानस चालवू नका, रेघा झिजतील. झाला धंदा बंद! गरम कप धरू नका. महादेवप्पानं पोराचा विकेटकीपरचा हातमोजा आणून घातला. खाजामियाँच्या बायकोनं, कमरुन्निसानं, त्याला एक कांदा चिरायला दिला, तर वर्षाराणी तिच्या घरी जाऊन भांडून आली. ईदेला म्हाताऱ्यानं बिर्याणी मोजा न काढता चमच्यानं खाल्ली, तोंड एवढंसं करून. आम्ही म्हटलं, वा, छान जमतंय की!

ह्या जून महिन्यात औशाहून फोन आला. त्याची लेक मनतशा तिकडं दिलेली. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मूल झालं, पोरगी. डॉक्टरनं हलू दिलं न्हाई म्हणून बाळंतपण सासरीच. खाजामियाँ लिंबाखाली उठून उभा राहिला, मोज्यातल्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मी निघालो. आठ दिवसांनी येतो."

बाजाराच्या पायाखालची जमीन सरकली. पेरणी तोंडावर, दुकानापुढं शेतकऱ्यांची रांग. वर्षाराणीकडं फॉर्मची शेवटची तारीख. "चाचा, उद्या जा," आम्ही म्हटलं. उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा. शेवटी कमरुन्निसा एकटीच निघाली. जाताना माझ्यापुढं उभी राहिली. "बसवराज, भांडण तुमचं. त्यात माझ्या नवऱ्याचं बोट कशाला अडकवलं?" मी खाली बघून बियाणाच्या पिशव्या मोजल्या.

सातव्या दिवशी नातीचा अकीका, तिचं नाव ठेवायचं. पहाटे खाजामियाँ गपचूप एसटी स्टँडवर गेला. पण चौदा दुकानांचे डोळे त्याच्यावर. आम्ही धावत पोचलो तवा तो लातूरच्या गाडीत बसला व्हता. मोजा काढून त्यानं बोट खिडकीतून बाहेर काढलं. "घ्या! कापून घ्या आणि मला जाऊ द्या!" कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

आता काय? बोट औशात, कम्प्युटर इथं. फोनवर बोट ठेवता येत न्हाई, आणि जुन्या बोटानं उघडल्याबिगर यंत्र नवं बोट घेत न्हाई. मंग जे शहाण्या माणसाला सुचणार न्हाई ते आम्हाला सुचलं. चौदा कम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत भरले आणि निघालो औशाला. मागं आमचा कम्प्युटर धरून मी आणि अण्णा समोरासमोर, लातूरपर्यंत त्यानं एका बाजूला बघितलं, मी दुसऱ्या.

मनतशाच्या सासरच्यांना वाटलं, आहेर आला. टाळ्या पडल्या. आम्ही मांडवात ओळीनं टेबलं लावली, डेकोरेशनवाल्याच्या जनरेटरवर वायरी जोडल्या. चौदाही पडदे उजळले आणि बोट मागायला लागले.

खाजामियाँ गादीवर बसलेला, मांडीवर नात. पोरगी झोपलेली, आणि तिच्या मुठीत तेच बोट, गच्च.

"हळूच सोडवा की," महादेवप्पा कुजबुजला.

खाजामियाँनं वर बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं तुमच्या चाव्या सांभाळल्या," तो म्हणाला. "कधी न्हाई म्हटलं न्हाई. हिनं सोडलं की येतो."

आम्ही थांबलो. चौदा दुकानदार, चौदा पडदे, सात दिवसांची एक मूठ. मला लाज वाटली हो. खरंच वाटली. म्हाताऱ्याचा धंदा गेला, कांदा गेला, नातीचे पहिले सहा दिवस गेले, कशापायी? तर मला अण्णाला बोट लावू द्यायचं नव्हतं.

तासाभरानं पोरगी भुकेनं रडली, मूठ सुटली. खाजामियाँ उठला, पहिल्यांदा आमच्याच कम्प्युटरवर बोट ठेवलं. उघडला. "आता इथं दुसरं बोट ठेवा," तो म्हणाला. "माझं काढा."

मंग माझ्याच तोंडातून निघालं, "अण्णा, तू ठेव."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. "तूच ठेव बसू. तुला त्यातलं कळतं."

"न्हाई, तू थोरला."

"मी सांगतो ना, तू ठेव!"

"अरे, दोघंही ठेवा!" खाजामियाँ असा गरजला की आचारी पळत आला. आम्ही दोघांनी ठेवली. यंत्रानं मुकाट्यानं दोन्ही घेतली, अकरमनं सांगितलं व्हतं तसं. मंग बाकीच्यांनीही एकेक करून आपापली ठेवली. खाजामियाँचं बोट चौदा ठिकाणांहून काढायला अर्धा तास पण लागला न्हाई.

पंगत बसली. मी आणि अण्णा एकाच ताटाला. आमच्यातल्याच कुणीतरी सवयीनं खाजामियाँपुढं चमचा ठेवला. कमरुन्निसानं तो उचलून नेला. त्यानं हात धुतले आणि पाची बोटं बिर्याणीत घातली.