माझ्या पोटातलं तुडूम

आता काय काय सांगावं! पोट माझं, अन् मलाच जुमानत नाही!

कोंढ्याला आमच्या तलावाचं तुडूम मी उघडतो. तुडूम म्हणजे बांधाच्या पाळीखालून शेतात पाणी सोडायचं भोक. मी खुंटी काढल्याशिवाय कोणाच्या धानाला थेंब मिळत नाही. जास्तीचं पाणी सलांगीवरून, म्हणजे सांडव्यावरून जातं. ते काम माझं नाही.

अशा माणसाला डॉक्टर काय सांगतो? “काका, जठराच्या शेवटी मांसाचं कडं असते. तेच तुमच्या पोटाचं तुडूम. अन्न घुसळून पातळ झालं की जरासं उघडते, थोडंसं आतड्यात सोडते अन् मिटते. तेलातुपाचं खाल्लं तं आतडंच म्हणते, थांब! मंग पोट जड राहते. जरा कमी खा.”

“ते उघडते कोन?”

“आपोआप उघडते.”

“मले न इचारता?”

डॉक्टर हसला. हसण्यासारखं काय होतं हो त्यात?

पुढच्याच आठवड्यात पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. नाकाडोंगरीचे पाहुणे आले. पुरणपोळी, वर तुपाची धार, त्यात व्याह्यांचा आग्रह. मी मागे हटणार? हात धुतले, तर पोट तट्ट!

म्हटलं, तुडुमात गाळ अडकला. तलावात असं झालं की मी पाणी चढू देतो, वरचा दाब गाळ ढकलतो. घेतलं ताक. ग्लासावर ग्लास!

“कायले एवढं पिऊन राहिले? पोट फुटन!” बायको म्हणाली.

“तुडुमातलं तुले काय समजते?” मी खेकसलो.

तेवढ्यात पाहुणे निघाले. व्याही पैलवान गडी, अंगात पांढराशुभ्र कुर्ता. “या व्याही, गळाभेट घेऊ!” म्हणाले आणि मिठी मारून मला उचललंच! मी काय धानाचं पोतं आहे?

खालचं तुडूम काही उघडलं नाही. वरून मात्र सगळं आलं. त्यांच्या कुर्त्यावर.

पोरीच्या डोळ्यांत पाणी. व्याही तशाच कुर्त्यात तडक गाडीत बसले. झालं, माझ्यापायी पोरीचं लग्न मोडलं! माझा जीव नुसता तुटत होता.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन. “लगन पक्कं. पन आमची एक अट हाय.”

अट? माझं डोकंच फिरलं. “हुंडा पाह्यजे काय? छदाम नाई भेटनार! चूक माही, भोग पोरीनं काहून भोगावे?”

“आयका तं व्याही! तुडूम बंद असलं तं पानी सलांगीवरून जाते, हे तुमाले सांगा लागते काय?”

“मंग अट कोनती?”

“लग्नात गळाभेट जेवनाच्या आंधी!”