पडद्यावर सध्या फुलं आहेत

भिंगारच्या आमच्या गल्लीत अलीम चाचांएवढा पिक्चरवेडा माणूस दुसरा नाही, आणि एवढा लाजराही नाही. प्रेमाचे आणि रडारडीचे पिक्चर, एवढीच त्यांची दुनिया. मारामारीचा लागला की नाक मुरडायचे. "त्यात सांगण्यासारखं काय असतं? ह्यानं मारलं, तो पडला."

सांगायचं असायचं ते हाजराबीला. शुगरनं बायकोची नजर गेली, पण पिक्चरची हौस काही गेली नाही. मग दर जुम्याला नमाज उरकली की चाचा तिला रिक्षात घालून नगरच्या टॉकीजला न्यायचे, तीनच्या खेळाला. बोलणं, गाणी तिला ऐकू यायची; बाकीचं चाचा कानात सांगायचे. गिऱ्हाईकही साधं नव्हतं.

"रडतेय."

"कशी? नुसतं डोळ्यांतून, का नाकातूनपण?"

"नाकातून नाही."

"मग खोटं रडतेय. पुढं सांगा."

हिरो-हिरोईन जवळ आले की मात्र चाचांची कानशिलं तापायची, जीभ टाळ्याला चिकटायची.

"अजी, गप का झालात?"

"काही नाही. पडद्यावर सध्या फुलं आहेत."

"बराच वेळ आहेत की हो फुलं!" म्हणत ती पदर तोंडाशी धरून हसायची. परतीच्या रिक्षात निकाल तीच द्यायची. "अख्ख्या पिक्चरात त्यानं तिला एकदा तरी 'जेवलीस का' विचारलं? मग कसलं डोंबलाचं प्रेम!" चाचांना पिक्चर कितीही आवडलेला असो, हाजराबीनं नापास केला की नापास.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष लागलं. चाचांचा जुम्मा काही चुकला नाही, आणि खोडही गेली नाही. दिवे मालवले की मान शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं झुकायची आणि ओठ सुरू. मागच्या महिन्यात कॉलेजच्या पोरांनी कालवा केला. डोअरकीपर गोरक्षनाथ जुन्या ओळखीचा. त्यानं हात धरून बाहेर आणलं.

"चाचा, परत तक्रार आली तर मालक म्हनलेत, ह्यांना आत घ्यायचं न्हाई. माझा इलाज चालत न्हाई बगा."

टॉकीज बंद झालं तर जुम्याची दुपार घालवायची कुठं? पुढच्या खेपेला चाचांनी गालात सुपारीचं खांड धरलं आणि पिक्चर संपेतो हूं का चूं केलं नाही.

घरी आले तर शेजारच्या मालनबाई दारात मेथी निवडत बसलेल्या. शुक्रवारी चाचांना छेडल्याबिगर त्या बाईला भाजी गोड लागत नाही.

"काय ओ चाचा, आज कोन मेलं?"

चाचा आठवायला लागले. हिरो मेला का हिरोईन? का लग्न झालं दोघांचं? डोळे तर टक्क उघडे होते. पण न सांगता बघितलेलं आत काही उतरलंच नव्हतं.

"डोळा लागला वाटतं," मालनबाई म्हणाल्या.

"तसंच काहीतरी."

एरवी एवढ्यावर त्यांनी गल्ली गोळा केली असती. आज नुसतंच म्हणाल्या, "बसा, च्या टाकते." चाचा बसले नाहीत.

पुढच्या जुम्याला त्यांनी गोरक्षनाथला दारातच गाठलं. "कुणीच बसत नाही अशी जागा कुठली रे?"

"पयली रांग. मान मोडून घ्यायला कोन बसतंय तिथं? आन् स्पीकर तर निस्ता बोकांडी."

"मग तिथंच बसव."

अख्ख्या रांगेत चाचा एकटे. शेजारच्या खुर्चीची मिटणारी बैठक सोयीनं खाली पाडून ठेवलेली. स्पीकर असा गरजत होता की चाचांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मग दुसऱ्याला कुठला येतोय! मान मागं टाकली तर डोक्यावर हिरोचं भलंमोठं नाक, त्याला टेकायला आलेलं हिरोईनचं तेवढंच मोठं नाक. बाकी काही दिसायची सोय नव्हती.

चाचांची कानशिलं तापली. त्यांनी मान रिकाम्या खुर्चीकडं कलती केली.

"फुलं आहेत," ते म्हणाले. "जेवलीस का, ते अजून विचारलं नाही त्यानं."