पहिल्या धारेतला तुकडा

झिवादिंकाच्या तळघरातली बरणी कधी गळली नाही. भाजलेल्या मिरच्या असोत, काकड्या असोत की हिरव्या अक्रोडांचा मुरंबा, झाकण लावलं की ती बरणी टेबलावर उलटी ठेवायची आणि खालून बोट फिरवून बघायची. बोट कोरडं निघालं तरच बरणी खाली जायची. तिच्या लेकाच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता म्हणून उभी राहिले, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कुमा म्हणतो, त्यामुळे तिला हसायचा पहिला मान माझा.

तिचा नवरा ब्लागोये. दर शरदात आलुबुखाराची राकिया, म्हणजे आमची घरची दारू, गाळायचा, आणि आमच्या डोंगरात त्याच्या भट्टीला नाव होतं. पण पहिल्या धारेची बाटली झिवादिंकाच्या कपाटात कुलूपबंद. ती प्यायची नसते, जहाल असते, डोळे जातात. ती छाती चोळायला आणि जखमा धुवायला. ब्लागोये वर्षानुवर्षं त्या कुलपाकडे बघून सुस्कारे टाकत आला.

त्या वसंतात त्याला शौचातून रक्त पडू लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात नळी घालून मोठ्या आतड्यातले मसुराएवढे दोन तुकडे काढले आणि ते कुजू नयेत म्हणून दोन बाटल्यांत फॉर्मालिनमध्ये टाकले. त्यानंतर त्याचं रक्त थांबेचना. कसंबसं थांबलं, तेव्हा डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "पुन्हा नळी घालायची माझी छाती नाही. आहेत ते तुकडे एवढेच. आजच शहरात प्रयोगशाळेत पोचवा."

आमच्याकडे पेशंटचे तुकडे घरच्यांनीच बसने न्यायचे. झिवादिंका निघाली, सोबतीला मी. पिशवीत चीज भरून भाजलेली पिटा, तुकड्यांच्या दोन बाटल्या, आणि ब्लागोयेचे पाय चोळायला दवाखान्यात आणलेली पहिली धार.

अर्ध्या वाटेत बसमध्ये असा वास सुटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ए आज्यांनो, पिशवीत कोण मेलंय?" ड्रायव्हर ओरडला.

"तुझी सासू!" मी म्हटलं. माणसं हसली. झिवादिंका हसली नाही. तिने पिशवी उघडली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. पिटा ओली चिंब, एक बाटली रिकामी, आणि तुकडा काचेला चिकटून सुकायला लागलेला.

"कुमा," ती म्हणाली, "मी उलटी करून बघितली नाही गं."

"का नाही बघितलीस? घरी तर मिठाची बरणीसुद्धा उलटी करतेस!"

"डॉक्टरांच्या हातची वस्तू. त्यांच्यासमोर उलटी कशी करायची?"

मी म्हटलं, दुसऱ्या बाटलीतलं थोडं ओत. ती माझ्यावर खेकसली, "आणि दोन्ही घालवू?" तिने इकडे तिकडे पाहिलं, पहिल्या धारेचं बूच दातांनी काढलं आणि गळलेली बाटली तिने काठोकाठ भरली. झाकण इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली. मग बाटली उलटी धरून खालून बोट फिरवलं.

"आता वास बरा येतोय," ड्रायव्हर पुढून म्हणाला.

"कुणाला सांगशील तर माझ्या मयताला येऊ नकोस," झिवादिंका माझ्या कानात म्हणाली.

शहरात पोचलो तर गुड फ्रायडे. खिडकीवरच्या माणसाने दोन्ही बाटल्या घेतल्या आणि फळीवर ठेवल्या. मग ईस्टर आला, त्याला लागून मे दिनाची सुट्टी, आणि आमच्याकडे सुट्टीला सुट्टी लागली की मधले दिवसही कुणी कामाला येत नाही. बाटल्या तशाच पडून.

पुढे कळलं, कॅन्सर आहे. ब्लागोये भिंतीकडे तोंड करून झोपला. औषध कोणतं द्यायचं ते डीएनए तपासल्यावर ठरणार होतं, आणि त्यासाठी होते ते दोन तुकडे. झिवादिंकाने जेवण सोडल्यात जमा होतं. रोज माझ्याकडे यायची, ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "त्याला रोगाने नाही, मी मारला."

मग फोन आला. बाटल्या आणणाऱ्या बाईंना प्रयोगशाळेत बोलावलं होतं. ती विधवेसारखा काळा रुमाल बांधून निघाली. मी म्हटलं, "अगं, तो जिवंत आहे!" तर म्हणाली, "मला तुरुंगात टाकतील, तिथे कुठला मिळेल?"

प्रयोगशाळेतली डॉक्टर तियाना आमच्या नातीच्या वयाची. तिने विचारलं, "मावशी, या दुसऱ्या बाटलीत काय होतं?"

झिवादिंका एका दमात बोलून गेली, "पहिली धार. ब्लागोयेच्याच भट्टीतली. झाकण गळलं होतं हो, मी काय करू?"

डॉक्टरने चष्मा काढला. आम्हां तिघींत कोण जास्त हबकलं होतं, सांगता येणार नाही.

"खाली बसा आधी," ती म्हणाली. "फॉर्मालिनने तुकड्याची घडण टिकते. त्या बाटलीमुळेच आम्हांला रोग ओळखता आला. तुमचा राकियातला तर आकसून गेला होता, भिंगाखाली धड काही दिसेना. पण फॉर्मालिनमध्ये तुकडा फार दिवस राहिला की आतला डीएनए जखडतो आणि तुटतो. सुट्टीभर पडून त्याच्या चिंध्या झाल्या, काही वाचता आलं नाही. तुमच्या कडक दारूतला मात्र लांबच्या लांब शाबूत मिळाला."

झिवादिंकाला काही समजलं नाही. "म्हणजे मी मारला की नाही?"

"नाही, मावशी. डीएनए वाचता आला नसता तर आम्ही नेहमीचं औषध सुरू केलं असतं, आणि ते त्यांना लागूच पडलं नसतं. आता दुसरं देतोय. पण पुन्हा असं करू नका. दारू पाणचट असती तर तुकडा कुजला असता."

"ब्लागोयेची राकिया आणि पाणचट?" झिवादिंका ताडकन उठली. इतक्या दिवसांत तिचा खरा आवाज मी तेव्हाच ऐकला.

दवाखान्यात नवीन औषधाची सुई टोचलेली असताना तिने ब्लागोयेला सगळं सांगितलं. त्याने हातातल्या सुईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, रागावला.

"मला उभ्या जन्मात एक थेंब दिला नाहीस," तो शेवटी म्हणाला, "आणि माझ्या आतड्याला अख्खी बाटली?"

त्या शरदात भट्टी त्यानेच पेटवली, खुर्चीवर बसून का होईना. परवा नर्सने तपासणीची बाटली झिवादिंकाच्या हातात दिली, तर हिने ती डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्याच समोर, उलटी केली आणि खालून बोट फिरवलं.