बागूल सरांची पात्रता

बागूल सर गुणपत्रिका हातात घेतली की आधी उलटी करत. मागे बारीक अक्षरात छापलेले विद्यापीठाचे नियम वाचून झाले की मगच ती सुलटी करून गुण बघत. समोरचा मुलगा तोवर घाबरून उभाच असे. सर त्याला म्हणत, "बसा हो. उभ्या माणसाची पात्रता मला तपासता येत नाही."

साठीच्या दशकाच्या मध्यावर मी सुरतेच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात गणिताचा लेक्चरर म्हणून लागलो. शिरपूरहून आलेलो, गुजराती धड कळत नव्हतं. बसायला जागा मिळाली ती स्थापत्य विभागाच्या बागूल सरांच्या खोलीत. सर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. वडील रेल्वेत पॉइंट्समन. जळगावकडून आलेलं बौद्ध कुटुंब, राहायला सुरतेला लागून असलेल्या उधन्याला. माझं गाव ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडून वाहून आलेलं पाणी आम्ही इथे पितो. तापीचं नातं आहे आपलं."

कॉलेजात तेव्हा एम.ई.चे वर्ग नुकतेच सुरू झाले होते, तेही दोनच शाखांचे. आलेल्या अर्जांची पात्रता तपासायचं काम प्राचार्यांनी सरांवर सोपवलं होतं. एकदा दुसऱ्या विद्यापीठाचा एक मुलगा कारकुनाने परत पाठवला, का तर त्याच्या गुणपत्रिकेत एका आवश्यक विषयाचं नावच नव्हतं. सरांनी त्याला फाटकापाशी गाठून परत आणलं, त्याच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम मागवला आणि तोच विषय तिथे वेगळ्या नावाने शिकवतात हे प्राचार्यांना दाखवून दिलं. मुलगा आत आला. कारकुनाला सर एवढंच म्हणाले, "नाही म्हणायला काही लागत नाही. हो म्हणायचं तर वाचावं लागतं."

पण सवलतीचं नाव नसे. नोकरीतल्या शिक्षकांसाठी एम.ई.ला काही जागा राखलेल्या असत. त्यासाठी आपल्या कॉलेजचं ना-हरकत पत्र आणावं लागे. एक शिक्षक ते न घेताच आले आणि "साहेब, चालशे ने?" म्हणून अजिजी करू लागले. सरांनी त्यांना चहा पाजला आणि कागद परत दिले. ते गेल्यावर मला म्हणाले, "माणूस लायक होता, देवरे. पण पात्र नव्हता. लायक माणसाला अपात्र म्हणताना आपल्याला त्रास झाला पाहिजे. होईनासा झाला की हे काम सोडावं."

त्यांना स्वतःलाही अशाच एका जागेवर जायचं होतं, हे मला तापीच्या पुरानंतर कळलं. पाणी ओसरलं तशी शहरात सगळे घरं धुवायला लागले. सर मात्र टेप घेऊन गल्लोगल्ली भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा मोजत हिंडत होते. नदी कुठून शिरली, कुठे तुंबली, याचा त्यांनी नकाशा केला. त्यांना जलशास्त्रात एम.ई. करायचं होतं. ती शाखा आमच्याकडे नव्हती. दुसऱ्या शहरात दोन वर्षं जाऊन राहायला हवं होतं आणि त्याला आमच्या प्राचार्यांची ना-हरकत हवी होती.

सर दर उन्हाळ्यात ती मागायला जात. प्राचार्य मोठे प्रेमळ. खुर्ची देत, घरच्यांची चौकशी करत आणि म्हणत, "बागूलभाई, आवता वरसे चोक्कस. आ वरसे तमारा वगर आ बधुं कोण जोशे?" पुढच्या वर्षी नक्की; या वर्षी तुमच्याशिवाय हे सगळं कोण बघणार? सर खोलीत परत येत आणि दुसऱ्यांच्या अर्जांचा गठ्ठा सोडत.

एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. सरांच्या आईने भाकरी वाढता वाढता त्यांना विचारलं, "भाऊ, तुना सायेब तुले सोडस नही का?"

"नही वं माय," सर म्हणाले आणि जेवत राहिले.

परतताना मी चिडून म्हणालो, "सर, राजीनामा द्या. निघून जा."

"ते करून बघितलं मनातल्या मनात," सर म्हणाले. "राजीनामा दिला की मी शिक्षक राहत नाही. शिक्षक नसलो की ती जागा माझी नाही. उरलेल्या जागांवर पहिल्या वर्गात पास झालेली ताजी पोरं असतात, तिथे माझा निभाव लागत नाही. नोकरीत राहिलो तर सोडत नाहीत, सोडली तर घेत नाहीत." थोडं चालल्यावर म्हणाले, "साहेब वाईट असते तर भांडता आलं असतं हो."

त्यानंतर त्यांनी एक केलं. पात्रता तपासायचं सगळं काम मला शिकवलं. कुठल्या विद्यापीठाचा वर्ग कसा धरायचा, शंका आली तर कुठे विचारायचं, सगळं. पुढच्या उन्हाळ्यात ते प्राचार्यांना म्हणाले, "साहेब, हे आता देवरे बघतील. आता मला सोडा." तरी प्राचार्यांनी आणखी दोन वर्षं काढली. मग सत्तरीच्या दशकात आमच्याच कॉलेजात जलशास्त्राचा वर्ग मंजूर झाला. आता सरांना गाव सोडायची गरज नव्हती. प्राचार्यांनी ना-हरकत पत्रावर आनंदाने सही केली आणि शिपायाकडून घारी ही सुरतेची मिठाई मागवून सगळ्यांना वाटली.

सरांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. नव्या वर्गाबरोबर विद्यापीठाचे नवे नियमही आले होते. शिक्षकांच्या जागांसाठी वयाची मर्यादा पहिल्यांदाच घातली होती. सरांनी ती काही महिन्यांपूर्वी ओलांडली होती.

मी तो कागद पुन्हापुन्हा वाचला. कुठेतरी फट असेल असं वाटत होतं. सर समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते.

"सापडलं ना?" त्यांनी विचारलं.

"मी प्राचार्यांशी बोलतो. विद्यापीठात जातो."

"जा. पण आधी शेरा लिहा."

"माझ्याने नाही लिहवत, सर."

"मग मी तुम्हाला काय शिकवलं?" आवाज चढला नव्हता. "नुसतं अपात्र लिहू नका. कारण पूर्ण लिहा. सेवा किती, परवानगी कधीपासून मागतोय, कधी मिळाली. उद्या कोणी हा नियम बदलायला बसला तर त्याला कळलं पाहिजे."

मी लिहिलं. सरांनी वाचलं, मान डोलावली. तेवढ्यात सरांच्या तासाची घंटा झाली. सर उठले नाहीत. काही वेळाने तिसऱ्या वर्षाची मुलं दाराशी येऊन उभी राहिली. मी उठलो आणि म्हणालो, "चला, आज तुम्हाला गणित शिकवतो."

दुसऱ्या दिवसापासून सर नेहमीसारखे वर्गावर जाऊ लागले. मी विद्यापीठात खेटे घातले, प्राचार्यांनीही मनापासून पत्रं लिहिली. त्या वर्षी काही झालं नाही, पुढच्याही नाही. काही वर्षांनी मर्यादा उठली. ती बातमी घेऊन मी उधन्याला गेलो, तेव्हा सर दम्याने अंथरुणाला खिळले होते. सरांच्या पत्नीने, वहिनींनी, त्यांना उशीला टेकवून बसवलं.

"आता कोणालाही येता येईल, सर," मी म्हणालो. "बरे व्हा, पहिला अर्ज तुमचा घेतो."

सरांनी बराच वेळ श्वास जमवला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पण माझा नको, देवरे. माझी इच्छा गेली. कधी गेली, ते माझं मलाही कळलं नाही."

वहिनी तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या पावसाळ्यात सर गेले.