भोंगा आणि दोन मशीन

त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, तेवढंच. गल्लीत सगळे त्याला भोंगा म्हणत, तेही तोंडावर. चाळीस वर्षं ग्राइंडरच्या वर आवाज चढवून वेल्डिंगचा धंदा केल्यावर माणूस कुजबुजायचं विसरतो; भोंगा तर गप्प बसायचंही विसरला होता. भाजीत खोड काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. झोपेतसुद्धा तो कुणाला तरी पत्रा नीट धरायला सांगतो, अशी बायकोची तक्रार होती.

साठी उलटली आणि त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले. खाली वर्कशॉप, वर घर. मधल्या सतरा पायऱ्या चढताना नाकी नऊ येऊ लागले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि घरी रोज निदान पंधरा तास ऑक्सिजन लावायला सांगितलं.

"हात्तिच्या! खाली दोन सिलिंडर पडलेत की," भोंगा म्हणाला. "आयुष्यभर लोखंडाला पाजला, आता थोडा मी पितो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. वर्कशॉपचा सिलिंडर नाकाला लावलात तर पुन्हा माझी पायरी चढू नका, असा दम दिला. मग बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा दाखवला. "यातला आकडा नव्वदच्या खाली जाता कामा नये. ज्या मशीनवर तो टिकेल, ते घ्या. आधी आठवडाभर भाड्यानं वापरून बघा."

दुकानात दोन मशीन समोर आली. एक गुडघ्याएवढं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं, सतत घुं घुं करणारं. दुसरं बॅटरीवरचं, खांद्याला अडकवायचं. भोंग्यानं पेलाभर पाणी मागवलं. गळती शोधायची त्याची हीच रीत. मोठ्या मशीनची नळी पाण्यात धरली, बुडबुडे भराभर वर आले. छोट्याची धरली, तर पाणी ढिम्म.

"मेलेलं मशीन विकतोस होय रे?"

"काका, ते नाकानं श्वास ओढला की तेवढ्यापुरताच झोत सोडतं," दुकानदार म्हणाला. "पेला श्वास घेत नाही."

सोबत आलेली लेक फिसकन हसली. भोंग्याचा अपमान झाला. छोट्याची नळी नाकात घालून तो पंधरा मिनिटं फुगून बसला, तोंडातून ब्र काढला नाही. आकडा पंचाण्णव.

"हेच," तो म्हणाला. हे खांद्याला लावून खाली जाता येणार होतं, आणि त्याचं सगळं आयुष्य खाली होतं. वर्कशॉप आता लेक चालवत असली तरी आपण नजर ठेवली नाही तर दिवाळं वाजेल, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. मोठ्या मशीनपाशी दाव्याला बांधलेल्या बैलासारखं बसायला तो तयार नव्हता.

घरी आल्यावर घोडं पेंड खायला लागलं. भोंगा बोलायचा आणि बोलता बोलता तोंडानं श्वास घ्यायचा. मशीनला नाकाकडून काही कळलं नाही, की ते किंचाळायचं. आकडा पंच्याऐंशीवर. तोंड मिटलं की परत सगळं सुरळीत.

"बाबा, हे ज्यानं बनवलं त्याचे पाय धरले पाहिजेत," लेक म्हणाली. बायकोनं दोन दुपारी सलग झोप काढली. शेजारीण येऊन विचारून गेली, भोंगे गावाला गेलेत का.

तिसऱ्या दिवशी तो खाली उतरला. ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं गल्लीच्या पार पलीकडे खुर्ची टाकली. समोर लेक एका फाटकाची चौकट जोडत होती. चारही कोपरे आधी टाके मारून पक्के न करता तिनं एकीकडून सलग वेल्डिंग सुरू केलं.

"अगं, आधी कोपरे..." मशीन किंचाळलं. त्यानं हातवारे केले. लेकीच्या तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा होता, तिला काय दिसणार! चौकट डोळ्यांदेखत वाकडी झाली. भोंगा मुकाट उठला आणि एकेक पायरी थांबत वर आला.

संध्याकाळी बायकोनं त्याला वाढलं. भाजीत तिनं मुद्दाम मीठ घातलं नव्हतं. त्यानं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, ताट पुसून घेतलं आणि मान हलवून 'बस' म्हणून खुणावलं. इतकी भीती तिला डॉक्टरांच्या कागदानंही वाटली नव्हती. तिनं तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"ते शहाणं मशीन घेऊन जा. सतत चालणारं पाठव, मोठं. हो, उद्याच."

"मग मी खाली कसा जाऊ?" भोंग्यानं विचारलं. मशीन किंचाळलं.

"नका जाऊ."

"तिथं सगळे माझं ऐक..."

"तिथं तुमचं कुणी ऐकत नव्हतं. ग्राइंडर चालू असायचा. ऐकायचे मी, इथं वर बसून. सगळं ऐकायचे. शिव्यासुद्धा."

भोंग्याचे डोळे भरून आले. सतरा पायऱ्या आता सुटल्या, हे त्याला कळलं होतं, आणि त्याचं वाईट वाटत होतंच. तरी तो काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं त्याच्या नाकातली नळी नीट बसवली.

"उद्या बोला," ती म्हणाली. "आत्ता श्वास घ्या."